एकाच गाण्याच्या दोन तबकड्या

रेकॉर्डचा आवाज चांगला की सीडीचा, या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार हे बहुतेक वेळा त्याच्या घरातले कपाट पाहून आधीच सांगता येते. वडिलांच्या रेकॉर्डी ज्याने जपून ठेवल्या, त्याला सीडी कोरडी वाटते. ज्याने नव्वदच्या दशकात पगारातून पैसे बाजूला टाकून सीडी प्लेअर घेतला, त्याला रेकॉर्डची खरखर सोसवत नाही. दोघेही मनापासून बोलतात, आणि बहुधा दोन वेगळ्याच गोष्टींविषयी बोलत असतात. पुढच्या पानांवरची टिपणे एकच ध्वनिमुद्रण रेकॉर्डवर आणि सीडीवर लागोपाठ ऐकून केलेली आहेत. ती वाचण्याआधी वाचकाजवळ थोडी शिदोरी असावी म्हणून ही प्रस्तावना. माझे मत आत्ताच सांगून टाकतो. नुसता तबकडीचा प्रकार बघून आवाजाचा निवाडा होत नाही. गाणे त्या तबकडीवर कुठून आले, कोणाच्या हातून आले आणि कोणत्या गतीने आले, हे आधी बघावे लागते. बेळगाव-निपाणीच्या माणसाला हे बघण्याची सोय इतरांपेक्षा जरा जास्तच आहे.

एक तर या मुलखातल्या गाण्यावर रेकॉर्डचे मोठे ऋण आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा थोर गवयांच्या रेकॉर्डी ऐके आणि त्यातली हरकत न् हरकत उचलून जशीच्या तशी म्हणून दाखवी. वय अगदी कोवळे, पण लोक त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हणू लागले. तिकडे गदगला भीमसेन नावाच्या मुलाच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पडली, तीही दुकानात वाजणाऱ्या रेकॉर्डवरून. १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घरातून निघून गेला. ज्या खाँसाहेबांच्या आवाजाने त्याला बाहेर काढले ते तेव्हा मिरजेला राहत होते, म्हणजे आपल्या शेजारीच. पण पोराला ते भेटले ते तीन मिनिटांच्या प्लेटवर.

या मुलांनी जे ऐकले त्याचा ध्वनी कसा होता? स्प्रिंगवर फिरणारे यंत्र, लाखेची तबकडी, पोलादी पिन, आणि आवाज बाहेर सोडायला कर्णा किंवा लाकडी पेटी. खाली खर्ज नाही, वर झिलई नाही, तानपुरा असला तर असल्यासारखा. आजचा कुठलाही हौशी माणूस असल्या आवाजाला दारात उभे करणार नाही. तरीही सूर, लय, शब्दफेक आणि दमसास त्यातून धडधडीत पोचले, आणि त्या पोरांना तेवढे पुरले. पोचले नाही ते वेगळेच होते: तानपुऱ्याची जवारी, बैठकीची खोली, सूर लावण्याआधी घेतलेला श्वास, समेवर कोणीतरी हळूच दिलेली दाद. रेकॉर्ड आणि सीडी यांची खरी तुलना या न पोचलेल्या गोष्टींपुरतीच आहे. सूर-लय-शब्द पोचवणे दोघींनाही सहज जमते. ‘सीडीत जीव नाही’ किंवा ‘रेकॉर्डमध्ये गाणेच ऐकू येत नाही’ अशी वाक्ये कानावर आली की मी मनात एवढेच विचारतो, की हा माणूस नेमके कशाबद्दल बोलतो आहे?

थोडा इतिहास, तोही आवश्यक तेवढाच. ग्रामोफोन कंपनीचे भारतातले पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ मेणाच्या तबकड्यांवर गाणे कोरून घेई. या तबकड्या बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तिथे छापल्या जात आणि प्रती परत हिंदुस्थानात येत. गाणे संपताच गायिका गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारते, ते तिथल्या कारागिराला लेबल कोणाचे लावायचे हे कळावे म्हणून, असे सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ही वारी थांबली. गंमत पुढेच आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी निघाल्या त्या हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यातून. चपट्या तबकडीचा जनक एमिल बर्लिनर हाही जन्माने हॅनोव्हरचाच. म्हणजे जिच्यावरून आपल्याकडे भांडणे होतात त्या दोघी एकाच माहेरच्या.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या प्लेटला आपण लाखेची म्हणतो, पण तिच्यात लाखेपेक्षा दगडाची भुकटी जास्त असे. ती भुकटी पोलादी पिनेला घासून खोबणीच्या आकाराची करी, म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची. त्या घासण्याचा आवाज म्हणजेच खरखर. नव्या कोऱ्या प्लेटलाही ती होती. दहा इंची प्लेटच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनच नव्हता. गवयाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, साथीदारांनी मागे दाटीवाटीने बसायचे. त्या काळच्या मुद्रणात तानपुरा शोधू नये. विजेवरचे मुद्रण आल्यावर आवाजाला अंग आले. खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यातल्या, १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या रेकॉर्डी या सुधारलेल्या पद्धतीच्या आहेत, आणि त्यांच्या सुराची ती बारीक, ओली कड त्यातच सापडते.

सीमाभागाच्या दृष्टीने या काळाची एक गोष्ट फार आवडणारी आहे. तेव्हाच्या लेबलांवर मराठी-कानडी हा तंटा नव्हता. गंगूबाई हनगल सुरुवातीला ‘गांधारी हनगल’ या नावाने रेकॉर्डी देत होत्या, आणि जी. एन. जोशींबरोबर त्यांनी गायलेली मराठी द्वंद्वगीते घरोघरी वाजली. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचे काम बघू लागले आणि अनेक मोठ्या गवयांना त्यांनी मायक्रोफोनपुढे आणले. मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांची वचने आणि ख्याल, भीमसेनांची दासरपदे आणि अभंग या सगळ्यांना एकाच कपाटात जागा होती. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या परंपरेतले तासभर रंगणारे नाट्यपद तीन मिनिटांत कोंबायला रेकॉर्डनेच शिकवले. त्या छाटणीत पुष्कळ गेले असेल. पण मला अजूनही वाटते, की नेमके काय ठेवायचे हे ज्याला कळले तोच रेकॉर्डचा गवई ठरला.

आता सुराच्या उंचीचा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बेळगावचा श्रोता हा पेटीवर कान तयार झालेला श्रोता आहे. पं. रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ मध्ये कागवाडचा, आणि २०१० मध्ये जाईपर्यंत त्यांचे आयुष्य बेळगावात पेटी वाजवण्यात आणि शिकवण्यात गेले. त्यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकलेल्या माणसाला गवई काळी एकमध्ये गातो आहे की पांढरी दोनमध्ये, हे विचारावे लागत नाही. अशा माणसासमोर जुनी रेकॉर्ड लावली की तो पहिला प्रश्न विचारतो: गवई दोन पट्ट्यांच्या मध्ये कसा काय गातोय? प्रश्न बिनतोड आहे. ७८ हा आकडा सुरुवातीच्या काळात केवळ अंदाजाचा होता. कोणी ७६ने मुद्रण करी, कोणी ८०ने. ८०ने घेतलेले गाणे ७८ने लावले तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने सूर उतरतो. ७६चे ७८ने लावले तर तेवढाच चढतो. आवाजाची जातही बदलते. उतरला की गवई म्हातारा वाटतो, चढला की नाकातला.

यात विजेने भर घातली. साध्या टर्नटेबलच्या मोटरीची गती विजेच्या वारंवारतेवर ठरते. ती वारंवारता ५० हर्ट्झ असावी असे पुस्तकात लिहिलेले. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकापर्यंत आपल्याकडे ती ४९, ४८ पर्यंत घसरणे नवलाचे नव्हते. ४८ हर्ट्झवर रेकॉर्ड चार टक्के सावकाश फिरते आणि सूर जवळजवळ पाऊण पट्टी खाली येतो. भारनियमनाच्या दिवसांत संध्याकाळी ऐकलेली भीमसेनांची रेकॉर्ड आणि रात्री उशिरा ऐकलेली तीच रेकॉर्ड यांत फरक वाटला, असे सांगणारे लोक भ्रमिष्ट नव्हते. सेलवर चालणाऱ्या प्लेअरांची तर बातच सोडा. सेल उतरले की गवईही उतरे.

तिसरे कारण तबकडीच्या मधल्या भोकाचे. भोक अर्ध्या मिलिमीटरने बाजूला पडले तर शेवटच्या खोबणींत सूर प्रत्येक फेरीत वर-खाली हलतो. माझा हिशेब सांगतो, की हा हेलकावा दोन्हीकडे मिळून सर्वांत लहान श्रुतीपेक्षाही मोठा भरतो. ढोलकीवरच्या लावणीत तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. किराणा घराण्याच्या गायकाने लांबवर धरलेल्या षड्जात तो लपत नाही. तानपुऱ्यात तर मुळीच नाही. ख्याल ही रेकॉर्डच्या दोषांची सर्वांत कडक परीक्षा आहे. परदेशी मासिकांतल्या परीक्षणांत पियानो ऐकून दिलेले शेरे आपण आपल्या गाण्याला जसेच्या तसे लावतो, ते म्हणूनच पटत नाही. आपली कसोटी आपणच लावायला हवी.

सीडीला यातले काहीच बाधत नाही. तिची गती स्फटिकाच्या घड्याळावर चालते, वीज कितीही डगमगो. पण इथे एक मेख आहे. ७८ची प्लेट सीडीवर उतरवताना उतरवणाऱ्याने गती चुकवली, तर ती चूक त्या सीडीच्या प्रत्येक प्रतीत कायमची बसते. टर्नटेबलवर गतीची खुंटी असेल तर पेटी समोर ठेवून ती मला दुरुस्त करता येते. सीडीपुढे हात जोडून बसावे लागते. पुढल्या टिपणांत जिथे जिथे ‘पट्टी जुळत नाही’ असा शेरा आहे, तिथे हेच घडलेले आहे.

एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली आणि त्यानंतर काही वर्षांनी आपल्याकडे पोचली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, लाखेऐवजी व्हिनाइल, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. गवयाला पहिल्यांदाच विलंबित गाता आले. खोबणीत खर्ज जसाच्या तसा कोरला तर सुई उड्या मारील आणि जागाही फार खाईल, म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, वरचे स्वर चढवायचे आणि वाजवताना अॅम्प्लिफायरमध्ये उलटे करून पूर्ववत करायचे, असा ठराव १९५४ च्या सुमारास पक्का झाला. त्यामुळे एलपीचा आवाज हा सुईइतकाच त्या उलटे करणाऱ्या सर्किटवर अवलंबून असतो. साध्या अॅम्प्लिफायरमध्ये ते सर्किट बेताचे असे आणि खर्ज जरा जास्तच सुटे. त्या जास्तीच्या खर्जालाच पुष्कळ लोक ‘रेकॉर्डचा भरदार आवाज’ म्हणतात.

ख्यालाच्या बाबतीत एलपीची खरी अडचण दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. तबकडी सारख्याच फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण जाते, तर शेवटी लेबलाजवळ जेमतेम २१. जितकी खोबण कमी, तितके बारीक नक्षीकाम तिच्यात कमी मावते. आता ख्यालाची मांडणी आठवा. सुरुवात संथ आलापीने आणि शेवट द्रुत तानांनी. म्हणजे जेव्हा खोबण प्रशस्त असते तेव्हा गवई ‘सा’ धरून बसलेला, आणि खोबण आखडते तेव्हा त्याच्या ताना सुटलेल्या, तबला चढलेला. तान ऐन रंगात आली की ‘स’ आणि ‘श’ फाटू लागतात, हा अनुभव ज्याच्याजवळ एलपी आहेत त्या प्रत्येकाला आहे. लोक सुईला दोष देतात. सुईचा दोष असतोही, पण अर्धा दोष भूमितीचा आहे. उलट सीडीचा लेझर आतून बाहेर वाचत येतो आणि वाचण्याचा वेग सर्वत्र सारखा राहावा म्हणून सीडी सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास आणि शेवटी २०० च्या आसपास फेऱ्या घेते. शेवटची तान पहिल्या आलापाइतकीच स्वच्छ.

मग एलपी ऐकणारे लोक कशावर जीव टाकतात? माझा अंदाज असा, की बऱ्याच जणांच्या आठवणीत एलपी नसते, रेडिओग्राम असतो. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत असलेले ते लाकडी कपाट ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच पेटीत. स्पीकर वाजला की लाकूड थरथरणार, लाकडाबरोबर तबकडी, तबकडीबरोबर सुई, आणि ती थरथर पुन्हा स्पीकरमध्ये. ध्वनिशास्त्राच्या हिशेबी हा शुद्ध दोष. कानाला मात्र त्याने गवयाभोवती एक खोली उभी राहते. त्यात व्हिनाइलचा मंद पाऊस आणि सुईने घातलेले थोडे उपस्वर मिसळले, की तयार होते ती ‘ऊब’. ही ऊब खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती गवयाने दिलेली नाही, यंत्राने दिलेली आहे, एवढेच. मला स्वतःला ती आवडते.

सीडीबद्दलचे गैरसमज याहून जुनाट. ‘सीडीत आवाजाचे तुकडे करतात, मधले हरवते’ हे वाक्य शिकलेल्या लोकांकडूनही ऐकायला मिळते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या तरंगाची उंची मोजून ठेवलेली असते, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. यावरून लोक डोळ्यांसमोर जिना आणतात. पण प्लेअरमधून बाहेर पडतो तो जिना नव्हे, सलग तरंगच. २०,००० हर्ट्झपर्यंतचा कोणताही तरंग एवढ्या मोजमापांतून पुरेपूर उभा करता येतो, हे गणिताने केव्हाच सिद्ध केलेले आहे. आणि २०,००० हर्ट्झच्या वरच्या झिलईवरून जे साठीचे रसिक तावातावाने वाद घालतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना १२,००० च्या वरचे काही ऐकू येत नसते. मी याच रांगेत आहे, तेव्हा यात कोणाचा उपमर्द नाही. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांतले अंतर सीडीला ९६ डेसिबल मिळते, चांगल्या एलपीला साठ-सत्तर. पण आपल्या खोलीत पंखा चालू असतो, गल्लीतून रिक्षा जाते. एलपीला मिळणारे अंतरही आपण पुरते वापरत नाही.

असे असताना काही गाण्यांत एलपी सीडीवर मात करते, आणि ती ऐकून माझ्यासारख्या सीडीवाल्यालाही मान डोलवावी लागते. याचे उत्तर तबकडीत सापडत नाही, मूळ टेपमध्ये सापडते. १९५०-६० नंतरचे मुद्रण टेपवर होई. टेप ताजी असताना तिच्यावरून एलपी कोरली गेली. सीडी निघेपर्यंत तीच टेप वीस-पंचवीस वर्षे कुठल्यातरी दमट खोलीत पडून होती. कधी मूळ टेपऐवजी तिची नक्कल वापरली गेली, कधी एलपीवरूनच सीडी केली गेली. मग संगणकाने खरखर पुसली, आणि पुसणाऱ्याचा हात जड पडला तर खरखरीबरोबर जवारीही गेली. दोघी एकाच भागात राहतात, त्याला बिचारा काय करणार. नव्वदनंतर ‘आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी’ ही स्पर्धा आली, आणि हळू व मोठे यांतले अंतर ज्या तबकडीला सर्वांत जास्त मिळाले होते तिच्यावरच ते सपाट केले गेले.

जुन्या सीडीच्या मागे तीन अक्षरे दिसतात: एएडी, एडीडी, डीडीडी. पहिले अक्षर मुद्रण टेपवर झाले की डिजिटल, हे सांगते, दुसरे संस्करणाचे, तिसरे अर्थातच नेहमी डी. सत्तरच्या दशकातल्या ख्यालाच्या सीडीवर एएडी असेल तर कोणी फारशी ढवळाढवळ केलेली नाही, असा अंदाज करायला हरकत नाही. तसेच एच.एम.व्ही.च्या एलपीचा क्रमांक ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडीने होत असेल तर स्टीरिओ. मोनो रेकॉर्ड लावताना अॅम्प्लिफायरवर मोनोची कळ असेल तर ती जरूर दाबावी. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर त्याने आपोआप कटते आणि गाण्याचे काही जात नाही. एवढ्या एका कळीने कित्येकांचे एलपीविषयीचे मत बदललेले मी पाहिले आहे.

तेव्हा माझी वाटणी अशी. ७८च्या जमान्यातले गवई चांगल्या हाताने, योग्य गतीने उतरवलेल्या सीडीवर ऐकावेत. प्लेट झिजवण्यात पुण्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांतले ख्याल शक्य तर स्वच्छ एलपीवर, कारण त्यांच्या बऱ्याचशा सीडी निष्काळजीपणे निघाल्या. १९८५ नंतर डिजिटल मुद्रण झालेले सगळे बिनदिक्कत सीडीवर. आणि आकाशवाणीच्या संग्रहातली लांबलचक मुद्रणे सीडीवर आली, त्यांना तर एलपीची तुलनाच नाही. बाजू पालटण्यासाठी न उठता तासभर राग ऐकणे हे सुख एलपीवाल्यांनी मान्य करावे. मात्र वेळ वाढली म्हणजे गाणे वाढते असेही नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांना राग उभा करायला वीस मिनिटे पुरत. सीडीने दिलेली चौऱ्याहत्तर मिनिटे भरून काढायची म्हणून दोन एलपींतले राग एका सीडीत कोंबले, आणि एका रागाच्या शेवटच्या ‘सा’वर चार सेकंदांत दुसऱ्या पट्टीतला तानपुरा आदळू लागला. हा रसभंग खरखरीपेक्षा वाईट.

खरे सांगायचे तर सीमाभागातल्या सामान्य घरात एलपी नव्हतीच. रेडिओ होता. धारवाड केंद्र १९५० पासून, सांगली १९६३ पासून. त्यानंतर ऐंशीच्या दशकात थेट कॅसेट आली. एलपी आणि सीडी या दोन्ही पैसेवाल्यांच्या वस्तू, आणि त्यांच्यातला वाद हा मुळात दोन सुखवस्तू घरांतला वाद. मग जुन्या बाजारात एवढ्या रेकॉर्डी येतात कुठून? काही त्या घरांतून. पण पुष्कळशा लाउडस्पीकरवाल्यांकडून. लग्नकार्य, जत्रा, तंबूतला सिनेमा सुरू होण्याआधीचा अर्धा तास, सगळीकडे रेकॉर्डी वाजत. त्यांच्या प्लेअरचा हात जड, सुई वर्षानुवर्षे तीच. निपाणीच्या एका जुन्या लाउडस्पीकरवाल्याने मला रेकॉर्डींचा गठ्ठा दाखवताना आधीच बजावले होते, “घ्या की ओ, पण ऐकायला नका घेऊ. भिंतीवर लावायला बरी हैत.” प्रामाणिक माणूस. अशा प्रती ऐकून रेकॉर्डविषयी मत बनवणे म्हणजे गिरणीच्या भोंग्याजवळ बसून सनई जोखणे. एकाच क्रमांकाच्या दोन प्रती सारख्या वाजतील याची खात्री देता येत नाही. टिपणांत म्हणूनच प्रत्येक प्रतीची अवस्था नोंदवलेली आहे.

आणि पाऊस. बेळगावचा पावसाळा ज्याने कपाट उघडून हुंगला आहे त्याला खोबणीतली बुरशी म्हणजे काय ते ठाऊक असते. बारीक पांढरी जाळी, आणि वाजवताना तडतड. व्हिनाइल ऊर्ध्वपातित पाण्याने धुता येते. पाण्यात किंचित अल्कोहोल घालायलाही हरकत नसते. पण ७८च्या प्लेटला अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते आणि खाँसाहेब बोटाला चिकटून येतात. सीडीलाही दमट हवा मानवत नाही. छापील बाजूवरचा लाखेसारखा थर जिथे निघतो तिथून आतला चकचकीत धातू काळवंडत जातो. सीडी अमर आहे हे १९८२ मधल्या जाहिरातदारांचे म्हणणे होते.

शेवटी पद्धतीबद्दल. तुलना करताना सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या मोठेपणाची असते. दोहोंतली एक किंचितही मोठ्याने वाजत असली तरी कान तिला ‘मोठी’ न म्हणता ‘चांगली’ म्हणतो. म्हणून तानपुरा एकटा वाजत असलेल्या जागेवर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. फोनवरचे साधे आवाज-मापकही एवढ्या कामाला चालते. मग दुसऱ्या कोणालातरी तबकड्या बदलायला सांगून स्वतः पाठ फिरवून बसावे. रेकॉर्डच्या पहिल्या दोन सेकंदांची खरखर आपल्याला उत्तर फोडून सांगते, तेव्हा मधूनच सुरुवात करावी आणि आधी विलंबिताचा, मग द्रुताचा तुकडा घ्यावा, कारण एलपी या दोन ठिकाणी दोन वेगळ्या तबकड्यांसारखी वागते. पेटी घरात असेल तर जवळ घ्यावी. इथली सर्व टिपणे अशीच झालेली आहेत, आणि काही ठिकाणी आम्हा ऐकणाऱ्यांचे एकमत झाले नाही, तिथे दोन्ही मते छापली आहेत. ज्यांना आमचे शेरे पटणार नाहीत त्यांनी जरूर वाद घालावा, फक्त आधी दोन्ही तबकड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा.